गाडी फोनच्या आधी आली

मी गाडीसाठी फोन लावला, त्याच्या साडेदहा तास आधीच गाडी माझ्या दारात येऊन उभी होती, असं एका कॉम्प्युटरनं काढलं. काढलं ते काढलं, आणि मग असं कसं होईल म्हणून ती ओळच टाकून दिली. ती ओळ माझ्या बायकोची होती. पंचफुला तिचं नाव. मागच्या सोयाबीनच्या हंगामात ती गेली.

संपादक म्हणाले, बापू, एवढी वर्षं दवाखान्याची गाडी चालवली, गमतीजमती लिहा, लोकांना आवडतं. गमती आहेत, त्याही लिहितो. पण आधीच सांगून ठेवतो, मी रागात आहे, आणि हा राग दिवाळीचा फराळ खाऊन जाणारा नाही. माझी शाळा सातवीला सुटली. शुद्धलेखन संपादकांनी पाहावं, शब्द माझे राहू द्यावेत.

गाडी एका धर्मादाय ट्रस्टच्या दवाखान्याची. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक नावावरच बोलत बसतात, झालं काय ते राहून जातं. अठ्ठावीस वर्षं मी ती चालवली. इकडे मेडशी, तिकडे रिसोडचा रस्ता, कधी पार मंगरूळपीर. लोकांना वाटतं, डायव्हरचं काम म्हणजे स्टिअरिंग आणि भोंगा. अर्धं काम पेनाचं असतं. सीटच्या मागे एक लांबोडं रजिस्टर असे. दर फेरीला त्यात चार वेळा लिहायच्या. फोन कधी आला, गाडी कधी निघाली, पेशंटपाशी कधी पोचली, आणि पेशंट घेऊन दवाखान्यात कधी आली. या चार वेळांवरून साहेबांना कळायचं की डायव्हरनं गाडी हाकली की टपरीवर उभी केली.

या रजिस्टरचा मला मोठा अभिमान. एकदा मंगरूळपीरकडून येताना एक बाळंतीण गाडीतच मोकळी झाली. सोबत सिस्टर होत्या म्हणून निभावलं. मागून सासू ओरडली, "डायवर, टाइम लिहा!"

"लेकरू तं पाहू द्या आधी."

"लेकरू आमी पाह्यतो, तुमी टाइम लिहा!"

मी गाडी बाभळीखाली घेतली आणि लिहिलं, ११.१०. त्या पोरीच्या जन्माची वेळ तिच्या बापानं पुढे माझ्या रजिस्टरवरूनच उतरवून नेली.

रिसोडच्या बाजारच्या दिवशी एक गिऱ्हाईक ठरलेलं. छातीला हात लावून रस्त्यात बसायचा, लोक घाबरून फोन करायचे. गाडीत घेतला की मी विचारायचो, "कुठं दुखून राह्यलं?" तर म्हणे, "मेडशी आली का सांगतो." मेडशी आली की टुणकन उतरून घरी. तिसऱ्या वेळी मी मेडशीला गाडी थांबवलीच नाही, तसाच दवाखान्यात नेला. सिस्टरनं सुई काढली तेव्हा म्हणतो, "डायवरसाहेब, आता नाई दुखत." त्याच्याही चार वेळा मी इमानदारीत लिहिल्या.

आता वेळ आम्ही लिहितो कशी, ते सांगतो. बाहेरच्यांना ही बारीक गोष्ट वाटेल, पण सगळं घोडं इथंच अडलं. नऊ वाजून पन्नास मिनिटं झाली की आम्ही लिहितो ९.५०. मध्ये टिंब. लग्नाच्या पत्रिकेत तसंच असतं, शाळेच्या फळ्यावर तसंच. आणि दुपारचे दोन असोत की पहाटेचे दोन, आम्ही दोनच लिहितो. वरची ओळ वाचली की कोणालाही कळतं कुठले दोन ते. रजिस्टर वाचणारा माणूस असतो, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

त्या दिवशी दुपारी पंचफुला ओट्यावर तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "छातीवर कोनं गोटा ठेवल्यावानी वाटून राह्यलं." तिच्या कपाळावर घाम होता. अशा चेहऱ्याची किती माणसं मी गाडीत घातली आहेत, मला सांगायला डॉक्टर लागत नाही. मी फोन लावला. मोबाइलमध्ये वेळ आहे, १२.५०.

शेजारी धावत आला. म्हणाला, "बापू, फाट्यावर रिसोडची जीप उभी हाय, घेऊन येऊ का?"

मी म्हटलं, "राहू दे. जीपमध्ये झोपवता येत नाई. आपली गाडी वीस मिन्टात येते. मले नोको शिकवू."

गाडी तेव्हा दुसरा पेशंट घेऊन रिसोडच्या अंगाला होती. एकच गाडी, तिनं तरी काय करावं.

आयुष्यभर मी गाडीत बसून घड्याळ पाहिलं. दारात बसून पाहायची ती पहिली वेळ. गाडीतलं मिनिट आणि दारातलं मिनिट एक नसतं, हे मला अठ्ठावीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. पावणेदोनपर्यंतचं एकेक मिनिट मला आठवतं. मग तिनं माझं मनगट घट्ट धरलं, नेमकं घड्याळावरच.

"आली का हो गाडी?"

"आलीच."

हात सोडवून घड्याळ पाहायला माझं मन झालं नाही. गाडी आली. माझ्यानंतर ती शेषराव चालवतो, मीच शिकवलेला. दोघांनी तिला उचलून आत ठेवलं. वाशीमच्या मोठ्या दवाखान्यात नेताना, वाशीमच्या अलीकडेच ती गेली. मी तिच्याजवळ मागे बसलो होतो. माझ्या नोकरीत मी मागे कधी बसलो नव्हतो.

उन्हाळ्यात गावात सभा झाली. वाड्यावस्त्यांवरच्या लोकांनी ट्रस्टकडे दुसरी गाडी मागितली होती. व्यवस्थापक साहेब रंगीत कागदांचा अहवाल घेऊन आले. माणूस गोड बोलणारा. म्हणाले, आपली गाडी वेळेत पोचते, दुसऱ्या गाडीची गरज आकड्यांत दिसून येत नाही.

मी उठलो. "साहेब, माही बायको त्या आकड्यात हाय का?"

"बापू, सगळेच असतात त्यात. कॉम्प्युटरनं काढलंय."

"तं दाखवा."

"आता इथं कसं दाखवू?"

"इथं नाई तं तुमच्या हापिसात येतो. मले काय कामधंदा हाय?"

दुसऱ्या दिवशी गेलो. आकडेमोडीसाठी ट्रस्टनं मंगरूळपीरची एक मुलगी ठेवली आहे, प्रणाली. संख्याशास्त्र शिकलेली. तिच्या कॉम्प्युटरवर त्याचाच एक प्रोग्राम आहे. दोन वेळा दिल्या की मधलं अंतर तो काढून देतो, अशा हजार ओळी चुटकीसरशी. रजिस्टर तिनं डोळ्यानं पाहिलंच नव्हतं. कारकुनानं टाइप करून दिलेलं तेवढं तिच्याकडे आलं होतं. तिनं तारीख विचारली, ओळ शोधली, आणि माझ्याकडे पाहिलं.

"काय झालं?"

"काका, ही ओळ वगळली आहे. अंतर उणे आलं म्हणून."

"उणे म्हंजे काय?"

"म्हणजे... गाडी फोनच्या आधी आली."

"पोरी, गाडी फोनच्या आधी आली असती तं मी इथं तुह्यासंगं भांडून राह्यलो असतो का? घरी तिच्या हातची भाकर खात बसलो असतो."

मी फार बोललो त्या दिवशी तिला. सगळं लिहीत नाही. तिनं स्क्रीन माझ्याकडे फिरवली. फोन १२.५०, गाडी पोचली २.०५. प्रोग्रामनं ते टिंब पाहिलं आणि वेळ समजलाच नाही. साधा दशांशाचा आकडा समजून दोनातून साडेबारा वजा केले. उत्तर आलं उणे दहा पॉइंट पंचेचाळीस.

मग आम्ही दोघं एकेक ओळ वाचत खाली खाली गेलो. ९.५० ला फोन, १०.१० ला गाडी. माणसाच्या हिशेबानं वीस मिनिटं. त्यानं ०.६० तास धरून काढली छत्तीस. ९.१० ते ९.५० ही सरळ चाळीस मिनिटं, त्याची त्यानं चोवीस केली. कुठं वाढवलं, कुठं खाल्लं, आणि या सगळ्याची मिळून सरासरी काढून रंगीत कागदावर छापली. पण माझं डोकं फिरलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. बारा वाजल्यानंतर फोन आणि एक वाजल्यानंतर गाडी, अशी प्रत्येक ओळ उणे आली होती आणि प्रत्येक ओळ टाकून दिली होती. साडेबाराला फोन केला आणि गाडी पावणेएकला आली, तो माणूस आकड्यात राहिला. तीच गाडी दीडला आली, तर तो गळला. म्हणजे जो जास्त थांबला, नेमका तोच पुसला. त्यातली किती तरी नावं माझ्या ओळखीची. आणि हा कागद घेऊन साहेब सभेत सांगतात, दुसऱ्या गाडीची गरज दिसत नाही! दिसणार कुठून? ज्यांना गरज होती तेवढेच काढून टाकले.

मी विचारलं, "उणे आलं तेव्हा तुह्या मनात नाई आलं का, रजिस्टर पाहावं म्हनून?"

ती म्हणाली, "नाही आलं, काका. टायपिंगची चूक असेल असं वाटलं."

खरं बोलली. माझा राग तिच्यावरून तिथंच उतरला. मी बाहेर जाऊन दोन चहा सांगितले.

तीन दिवस मी तिच्या शेजारी रजिस्टर घेऊन बसलो. कारण टिंबं काढून वेळा नीट करायच्या तर दुपारचे दोन कोणते आणि पहाटेचे कोणते, हे त्या प्रोग्रामला कोण सांगणार? आमच्यातले काही डायव्हर दहा वाजून पाच मिनिटांना १०.५ लिहीत आणि काही दहा पन्नासलाही १०.५ च लिहीत. अक्षर पाहून मी सांगायचो, हा अमुक डायव्हर, याचे पन्नास समज. दुपारचे दोन चौदा झाले, प्रत्येक वेळेला तारीख चिकटली. प्रणाली म्हणाली, "काका, आता प्रोग्रामला कळतं की ही वेळ आहे." मी म्हटलं, "कळू दे बाप्पा एकदाचं."

चौथ्या दिवशी नवीन कागद निघाला. पंचफुलाची ओळ आली होती. पोचायला लागलेला वेळ, मिनिटांत. त्याखाली आकडा, १.२५.

सव्वा मिनिट.

मी तो कागद टेबलावर आपटला. "सव्वा मिन्टात गाडी? इथून त्या गेटपर्यंत तं जाऊन दाखव सव्वा मिन्टात!"

ती घाबरून स्क्रीन खालवर करायला लागली, आणि मग तिनं कपाळाला हात लावला. तिनं सांगितलं ते मला कळलं तसं सांगतो. प्रोग्रामला उत्तर कशात पाहिजे हे आधी बजावून सांगावं लागतं. नाही सांगितलं तर तो आपल्या मनानं ठरवतो. अंतर थोडं असलं की मिनिटांत देतो, मोठं असलं की तासांत, त्याहून मोठं असलं की दिवसांत. प्रणालीनं रोजच्या पानाचा हिशेब वेगळा काढून मग सगळे आकडे एकाखाली एक लावले होते. त्या दिवशी गाडीचे दोनच फेरे झाले आणि दोन्ही तासाच्या वर गेले. म्हणून त्या पानाचं उत्तर त्यानं तासांत दिलं. सव्वा तास. पुढचा 'तास' हा शब्द गळून पडला आणि नुसता सव्वा मिनिटांच्या रकान्यात जाऊन बसला.

मी म्हटलं, "उद्या रिसोडच्या मार्केटात मापाड्यानं एका पोत्याचं किलोत मोजलं, दुसऱ्याचं क्विंटलात मोजलं, अन् नुसते आकडे लिहून दिले, तं लोक त्याले घरी जाऊ देतीन का?"

"नाही जाऊ देणार."

"मंग याले काहून जाऊ देता?"

ती हसली, आणि लगेच गंभीर झाली. दोन शब्द टाइप केले, मिनिटांतच दे म्हणून. मग म्हणाली, "पंच्याहत्तर, काका."

मी म्हटलं, "पुन्हा वाच." तिनं तीन वेळा वाचलं.

घरी येताना मेडशीला उतरलो. शेषराव टपरीवर होता. मी त्याला म्हटलं, "शेषराव, लागला आकडा. पंच्याहत्तर मिन्टं. तिची ओळ आली कागदावर." वाटलं, तो खूश होईल. तो कपातला चहा हलवत बसला.

"भाऊ, एक सांगू का? रागावसान तं नाई?"

"सांग."

"थे दोन वाजून पाच फाट्यावरचे हायेत."

"म्हंजे?"

"फाट्यावर वळलो का पोचलो म्हनून टाइम टाकाचा. तुमीच तं शिकवलं मले पयल्या आठवड्यात. दारात गेल्यावर कोनाचा हात पेनाले लागत नाई, म्हने तुमी."

शिकवलं होतं. मीच. दारात गेलं की रडारड, स्ट्रेचर, चार लोक चार बाजूंनी ओढतात, तिथं लिहायचं कधी? म्हणून फाट्यावर गाडी वळली की मी 'पोचली' लिहून मोकळा व्हायचो. आणि लपवत नाही, फाट्यावरचा आकडा साहेबांनाही बरा दिसायचा आणि मलाही. फाट्यापासून आमची वस्ती तीन किलोमीटर आत आहे.

"मंग दारात किती वाजता आलास?"

"नाई पाह्यलं, भाऊ. आतल्या रस्त्यावर थ्रेशर आडवं लागलं होतं. पंधरा मिन्टं गेले असतीन, वीस बी असतीन."

माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. ज्या वीस मिनिटांच्या भरवशावर मी जीप नको म्हटलं, ती वीस मिनिटं कुठली होती? माझ्याच रजिस्टरची. फाट्यापर्यंतची. इतकी वर्षं लिहून लिहून त्यावर माझाच विश्वास बसला होता. आणि फाट्यावर जीप उभी होती.

दोन दिवस घरात बसलो. मग प्रणालीकडे गेलो आणि जसं होतं तसं सांगितलं.

तिनं विचारलं, "मग किती लिहू, काका?"

"माहीत नाई."

"माहीत नाही, असं लिहिता येतं प्रोग्राममध्ये. त्याची खूण असते." मग आवाज बारीक करून म्हणाली, "पण मग सरासरी काढताना ती ओळ धरत नाहीत."

"म्हंजे पुन्हा बाहेर?"

"हो."

"खोटं सांगतलं तं आत, अन् खरं सांगतलं तं बाहेर? कोन्या गावचा कायदा हाय हा?"

तिनं खुर्ची पुढे ओढली. मग एका कोऱ्या कागदावर तिनं लिहिलं, ७५, आणि त्याच्यापुढे अधिकचं चिन्ह. म्हणाली, "असं करता येतं. याचा अर्थ, निदान एवढं तरी. पुढे किती, ते माहीत नाही. अशा ओळी न टाकता हिशेब करायची रीत आहे. वेळ लागेल, पण मी करते."

मी तो कागद हातात घेऊन पाहिला. दोन रेघा, एक आडवी, एक उभी. म्हटलं, "हे आमच्या सगळ्याच ओळींपुढं लागंल मंग. जिथं जिथं फाटा हाय तिथं."

"लागेल, काका."

व्यवस्थापक साहेबांना ते आवडलं नाही. म्हणाले, "बापू, अहवालात प्रत्येक आकड्यापुढं अधिक कसं छापायचं? लोक विचारतील, हे काय म्हणून."

"विचारू द्या ना, साहेब. लोकांनी विचारावं म्हनूनच तं अहवाल असते."

"सरासरी बिघडेल."

"बिघडू द्या. आमचं तं बिघडलंच."

पाहू, म्हणाले. अजून पाहतच आहेत. नवा अहवाल छापून आला नाही, दुसरी गाडी आली नाही. पण जुनी रजिस्टरं चाळायची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली. स्टोअरच्या खोलीत ती एकावर एक पडली आहेत, कडा उंदरांनी खाल्लेल्या. मी रोज सकाळी जातो, दाराजवळ उजेडाला बसतो आणि माझ्या हातच्या ओळी शोधतो. फाट्यावर लिहिलेल्या वेळेपुढे तांबड्या पेनानं अधिक काढतो. दिवसाला आठ-दहा पानं होतात. पानं पुष्कळ आहेत, पण रेघा दोनच आहेत.

परवा साहेब दारात उभे राहून पाहत होते. म्हणाले, "बापू, एवढ्या वर्षांनी हे करून काय होणार?"

मी मान वर केली नाही. म्हटलं, "साहेब, या सगळ्या गाड्या अजून फाट्यावरच उभ्या हायेत. पोचल्या म्हनून मी लिवलं होतं. थे दुरुस्त करून राह्यलो."